तेराने नव्हे, अकराने

बोरीच्या शाळेत आम्ही सरासरी शिकलो ती आंब्या-पेरूंवर नाही, माधव आपट्यांवर. गुरुजी म्हणजे माझे वडील, अण्णा. जन्मात बॅट धरली नव्हती. पण वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण त्यांच्या हजेरीपटात कायम दुमडलेलं. फळ्यावर लिहायचे : कसोट्या 7, डाव 13, धावा 542. आणि कोपऱ्यात, मुद्दाम बारीक : नाबाद 2.

मी तेराने भागलं. 41.69. कान पिळला गेला.

"जो डाव संपलाच नाही, त्यानं भागतूस कसा रे?"

अकराने भागलं. 49.27.

पुढं मी तलाठी झालो. कापूस-ज्वारीची पैसेवारी काढताना आकडा पन्नासच्या आत आला की गाव दुष्काळी. तेव्हा हटकून आपटे आठवायचे. क्रिकेटात 49 म्हणजे केवढा सुकाळ!

मूळचा हा मुंबईचा लेगस्पिनर. विनू मंकडांनी त्याला सलामीला आणलं. नोव्हेंबर 1952 मध्ये पाकिस्तानविरुद्ध पदार्पण, लगेच वेस्ट इंडिजचा दौरा. पाच कसोट्यांत 460 धावा, पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद 163. वय वीस. एप्रिल 1953 मध्ये दौरा संपला आणि कसोटी क्रिकेटही संपलं. पुन्हा बोलावणं आलंच नाही. का, याचे तर्क पुष्कळ. मला एकही पटत नाही. गडी मात्र रुसून बसला नाही. सत्तरी गाठेपर्यंत कांगा लीगच्या ओल्या, पावसाळी मैदानांवर खेळत राहिला. शाळकरी सचिनला सीसीआयकडून खेळायला मिळालं, त्यामागं राजसिंग डुंगरपूरांबरोबर आपटेही होते.

अण्णा शेवटी शेवटी कोनाड्यातल्या ट्रान्झिस्टरला कान लावून बसत. सुनील गावसकर आणि चेतन चौहान सलामीला उतरले की मांडीवर बोटानं काहीतरी आकडेमोड चाले. मी विचारलं नाही.

23 सप्टेंबर 2019 ला आपटे गेले. अण्णा तोवर नव्हते. बातमीच्या कडेला पेन्सिलीनं मीच हिशेब मांडला, आणि अण्णा काय मोजत असतील ते कळलं. चौहानबद्दल राग नाही, जिगरबाज माणूस. पण त्यांना एकही शतक न करता 40 कसोट्या मिळाल्या. आपट्यांना शतकानंतर दोन.