पाण्यात सापडलेली नंबरप्लेट

आमच्या भागात कुवेतपासून मस्कतपर्यंत कुठेही राहणारा माणूस ‘दुबईला असतो’. माझी धाकटी बहीण गेली सोळा वर्षं शारजात राहते, पण गावाच्या लेखी तीही दुबईलाच. तिचा मुलगा शारजातच जन्मला, चौदा वर्षांचा आहे. सुट्टीत कोकणात आला की ‘आला दुबईवाला’ म्हणत पोरं त्याला घेरतात. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला समजावतो की शारजा वेगळं, दुबई वेगळी, दोन्हीकडचे शासक वेगळे. दुसऱ्या दिवसापासून नाद सोडून देतो.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या जवळजवळ निम्म्या मुलांचे वडील आखातात आहेत. ‘माझे बाबा’ या विषयावर निबंध दिला की विमानतळ येतो, चॉकलेटचे डबे येतात, ब्लँकेट येतं, आणि वडील स्वतः दोन ओळींत संपतात. या मुलांची पक्की समजूत आहे की जी पोरं तिकडे बापाजवळ राहतात ती मॉलमध्येच वाढतात. २०२४ च्या मे महिन्यात, सात तारखेच्या मतदानाची ड्युटी आटोपून, मी बहिणीकडे पंचवीस दिवस राहून आले. आपली सुट्टी असते तेव्हा तिथल्या शाळा चालू असतात, त्यामुळे पोराचा रोजचा दिवस मला जवळून पाहता आला. तो या मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी लिहिते आहे.

नवव्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात चार माणसं. सकाळी सव्वासहाला शाळेची बस. पोर अर्धवट झोपेत बूट घालतं, हातात अंड्याचं सँडविच, आणि लिफ्टमध्ये उभ्या उभ्या पुन्हा डोळे मिटतं. २०२२ पासून शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते, आणि चार दिवसांत आठवड्याची शाळा कोंबलेली. ऐकायला छान वाटतं. पण माझे मेहुणे नोकरीला दुबईत, तिथे शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणजे जुम्याची नमाज बाप दुबईत पढतो आणि मुलगा शारजात, शेजारच्या मल्याळी मुलांबरोबर. संध्याकाळी परतीच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते तिच्यात मेहुण्यांचे दीड-दोन तास सहज जातात. बाप घरात शिरतो तेव्हा मुलगा झोपायच्या तयारीत असतो. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. बाप एकाच घरात आहे, तरी भेट ठरवावी लागते.

पोराचे छंद दोन. एक म्हणजे पार्किंगमधलं क्रिकेट. शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, रिकाम्या वाळूच्या प्लॉटवर नाहीतर पार्किंगच्या फरशीवर जिकडे तिकडे टेपबॉलचे सामने चाललेले असतात. त्यात पठाण, बंगाली, मल्याळी, आपले, सगळे. शारजाचं मोठं स्टेडियम तिथून फार लांब नाही. १९८६ मध्ये मियांदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तो तिथेच आणि १९९८ मध्ये वाळूच्या वादळानंतर सचिन खेळला तोही तिथेच. हे दोन्ही सामने भाच्याच्या जन्माआधीचे, पण पार्किंगमध्ये त्यांच्यावर अजून भांडणं होतात.

दुसरा छंद मला आधी समजलाच नाही. तो गाड्यांच्या नंबरप्लेट ‘जमवतो’. म्हणजे पाट्या नव्हे, आकडे. एक जाडी वही आहे. रस्त्यात दिसलेला छोटा किंवा गमतीदार नंबर, तारीख, जागा आणि गाडीचं नाव त्यात लिहायचं. त्या देशात नंबराला भलतीच किंमत. आकडे जितके कमी तितकी पाटी महाग. एप्रिल २०२३ मध्ये दुबईत नुसता ७ आकडा असलेली एक पाटी लिलावात साडेपाच कोटी दिरहमला गेली. पैसे गरिबांच्या जेवणाच्या कामाला जाणार होते. दुबईच्या पाटीवर इंग्रजी अक्षर असतं, अबू धाबीच्या पाटीवर अक्षराऐवजी आकडा, असं सगळं त्याने मला शिकवलं. बहीण म्हणते, ‘आपा, एवढं लक्ष गणितात घातलं असतं तर!’ मला मात्र वही आवडली. ज्या मुलाकडून रोज दोन ओळी शुद्धलेखन लिहून घेताना घाम फुटतो, तो इतक्या नीटनेटक्या रकाने आखून लिहितो, हे पाहून शिक्षिकेला बरं वाटतं.

उपद्व्याप भरपूर. एकदा कचरा टाकायला गेला आणि पिशवीबरोबर घराच्या किल्ल्याही मजल्यावरच्या कचऱ्याच्या खिडकीतून खाली गेल्या. मागे दार आपोआप बंद, आत गॅसवर दूध. बिल्डिंगच्या राखणदाराला तिथे नातूर म्हणतात. हा नातूर सिल्हेटकडचा बंगाली. त्याने आधी वर येऊन जादा किल्लीने दार उघडलं, गॅस बंद केला, आणि मग पोराला तळमजल्यावरच्या कचऱ्याच्या खोलीत नेऊन हातमोजे दिले. किल्ल्या तासाभराने मिळाल्या. तेव्हापासून दोघांची दोस्ती आहे, आणि पुढे जे झालं त्यात ती कामाला आली.

१६ एप्रिल २०२४, मंगळवार. ईदची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. त्या दिवशी संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात मोठा पाऊस पडला. अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलीमीटरच्या वर. आपल्या कोकणात जुलैत असा एखादा दिवस येतो आणि आपण छत्री शोधतो. पण तिथे वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलीमीटर पडतो. गटारं त्या हिशोबाची, रस्ते त्या हिशोबाचे, आणि वाळूखालची जमीन पाणी पटकन पीत नाही. शारजात काही वस्त्यांमध्ये आठवड्याहून जास्त दिवस पाणी उभं होतं. बहिणीची गल्ली त्यातलीच.

मेहुणे दुबईत अडकले ते तीन दिवस. तळघरात पाणी शिरून वीज गेली, लिफ्ट गेली, पंप गेला म्हणून नळही गेले. नवव्या मजल्यावर बहीण, चौदा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. स्वयंसेवक रबरी होड्यांतून पाण्याच्या बाटल्या आणि जेवण आणत होते, पण ते तळमजल्यापर्यंत. वर न्यायचं कोणी? भाचा, सहाव्या मजल्यावरच्या सीरियन घरातला मुलगा आणि नातूर, या तिघांनी तीन दिवस जिना चढायचं काम केलं. सातव्या मजल्यावर एक म्हातारं मल्याळी जोडपं होतं, त्यांची औषधंही यांनीच पोहोचवली. शाळा ऑनलाइन होती म्हणे. वीजच नाही तर ऑनलाइन कसली! पोराला त्याचं दुःख झाल्याचं काही दिसलं नाही.

इकडे चिपळूणला आमची अम्मी बातम्या बघून कासावीस. तिकडे व्हॉट्सॲपवर बोलणं बंद असतं, फोन लागत नाही, पण आवाजी संदेश जातात. अम्मीने २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर गोवळकोटच्या बाजूला राहून सोसलेला. तिने नातवाला एकामागून एक संदेश पाठवले. पासपोर्ट पिशवीत बांधून उंच ठेव. पाण्यात काठी टेकल्याशिवाय पाय घालू नकोस, गटाराची झाकणं उघडी असतात. पाणी उतरायला लागलं की गाळ सुकायच्या आत काढा, नाहीतर दगडासारखा बसतो. आता आमच्या घरच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. अम्मी म्हणाली, ‘गाल काढ’. पोराने तो संदेश चार वेळा ऐकला आणि आईला विचारलं, ‘नानीला कोणाचा गाल काढायचाय?’ बहीण सांगते की त्या अंधारात ती पहिल्यांदा तेव्हा हसली.

पाण्याचा जोर असा होता की त्यातून जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट निखळून पडत होत्या. पाणी घोट्यापर्यंत आल्यावर भाचा नातूरबरोबर काठी घेऊन खाली उतरला, तर पाट्या जागोजागी. ज्या मुलाने चार वर्षं नुसते आकडे टिपले, त्याच्या पायाला खऱ्या पाट्या लागत होत्या. त्याने सहा गोळा केल्या. नातूर म्हणाला, धुऊन दाराशी भिंतीला टेकवून ठेवू, ज्याची असेल तो येईल. पाच तिथे ठेवल्या. सहावी पोराने शर्टाखालून वर नेली आणि गादीखाली ठेवली. चार आकडी, पहिले दोन सारखे, नंतरचे दोन सारखे. ‘खाला, तसली पाटी लेक्सससारख्या गाडीलाच असते,’ तो मला म्हणाला. ‘त्याला काय, नवी मिळेल.’

हे मला त्याने स्वयंपाकघरात कांदा चिरताना सांगितलं. तोवर आईला कळून गेलं होतं आणि बोलणीही खाऊन झाली होती. इथे लिहायला त्याने परवानगी दिली, अट एकच, नंबर छापायचा नाही.

तीन दिवस पाटी गादीखाली होती. चौथ्या दिवशी अम्मीचा संदेश आला, तो पुराच्या आठवणीचाच. २०२१ साली आमच्या अंगणात एक तांब्याचा हंडा वाहत आला होता. त्याच्यावर नाव कोरलेलं आहे, पण घासून घासून गेलेलं, पहिलं अक्षर तेवढं लागतं. अम्मीने मोहल्ल्यात विचारलं, मशिदीत सांगून ठेवलं, पलीकडच्या ब्राह्मणआळीपर्यंत निरोप धाडला. कोणी आलं नाही. हंडा माळ्यावर पालथा आहे. पोराने विचारलं, ‘नानी, मग आता तो तुझा झाला ना?’ अम्मीचं उत्तर मी त्याच्या फोनवर ऐकलं आहे. ‘माझा कसा होईल रे? माझ्याकडे आहे.’ आणि लगेच पुढे, ‘जेवलास का?’

त्या रात्री तो जिन्याने नऊ मजले उतरला आणि पाटी बाकीच्यांच्या शेजारी ठेवून आला. दुसऱ्या दिवशी मालक आला. लेक्सस नव्हती. लाँड्रीचे कपडे पोहोचवणारा एक पठाण होता, त्याची जुनी पिकअप, बहुधा फार वर्षांपूर्वी नोंदलेली म्हणून नंबर छोटा. पाटीशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर दंड. म्हणून तीन दिवस गाडी उभी होती आणि त्याची रोजी बुडाली. तो याआधी दोनदा येऊन भिंतीपाशी बघून गेला होता, नातूरने सांगितलं. पाटी मिळाल्यावर त्याने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून दुआ दिली आणि गाडीतून लब्बनची बाटली काढून हातात ठेवली. लब्बन म्हणजे तिथलं ताक. भाच्याने ती घेतली, आणि नातूरला देऊन टाकली. ‘तू त्याला सांगितलंस?’ मी विचारलं. तो कांद्याकडे बघत म्हणाला, ‘नाही.’ त्याच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर पाच नंबर आहेत. सहावा रकाना कोरा.

वहीच्या मागच्या पानावर मात्र नवीन काही सुरू झालं आहे. नानीचे शब्द. गाळ, माळा, पालथा, भरती, ओहोटी. सगळे इंग्रजी अक्षरांत, म्हणून ‘गाल’ आणि ‘गाळ’ तिथेही एकच. हे पाहून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. या मुलाला शाळेत हिंदी आहे, म्हणजे देवनागरी येते. नववीपर्यंत अरबी सक्तीची, म्हणजे ती लिपीही येते. मराठीसाठी त्याला नवीन लागतो तो ‘ळ’. उर्दूसाठी पे, चे, टे, डाल, ड़े, गाफ अशी मोजकी अक्षरं आणि थोडी सवय. आपल्या कितीतरी घरांत आखातातली मुलं आजी-आजोबांच्या दोन्ही भाषांच्या उंबरठ्यावर उभी आहेत आणि घरातलं कोणी दार उघडत नाही, ‘तिकडे काय उपयोग’ म्हणून. उपयोगाचं मला सांगू नका. काठी टेकवून पाय टाक, हे त्याला इंग्रजीत कोणी सांगितलं नव्हतं.

‘ळ’ एका संध्याकाळी झाला. उर्दूला दोन आठवडे लागले, रोज मगरिबनंतर अर्धा तास, लहान बहीणही येऊन बसायची. मी निघायच्या आदल्या दिवशी त्याने नानीला स्वतःच्या हाताने पहिली उर्दू चिठ्ठी लिहिली. चार ओळी, हंड्याची खबर विचारणाऱ्या. फोटो काढून पाठवला. अम्मी चौथीपर्यंत उर्दू शिकलेली, चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचते. पोराने हंड्यात ‘डाल’च्या जागी सवयीने अरबीतला ‘दाल’ घातला होता. तासाभराने संदेश आला:

‘सगळं वाचलं, माशाअल्लाह. पण हा हंदा कोण रे? तुझा दोस्त आहे का?’