दान आणि दात्याचे मोठेपण

अमेरिकेतील अनेक गावांत ॲन्ड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून उभी राहिलेली ग्रंथालये आहेत. आमची मुले तेथे वाचतात. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरच नाकारले गेले, त्या आम्हांला खुल्या ग्रंथालयाचे मोल कुणी सांगावे लागत नाही. तरीही ‘कार्नेगी थोर पुरुष होते का?’ असे मुले विचारतात, तेव्हा उत्तर जपून द्यावे लागते.

१८९२ साली होमस्टेड येथील त्यांच्या पोलाद कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला. कामगारांवर खाजगी सशस्त्र रक्षक धाडले गेले, माणसे मेली, संघटना मोडली. १८९८ साली त्याच परिसरात कार्नेगींचे ग्रंथालय उघडले. बारा-बारा तास भट्टीपाशी राबणाऱ्याने पुस्तक केव्हा हाती घ्यावे?

दानाची थोरवी धम्मालाही मान्य आहे. जेतवन देणाऱ्या अनाथपिंडिकाचा बौद्ध परंपरेने गौरवच केला. शरण मात्र त्रिरत्नांनाच जायचे असते. शिवाय अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. धन कसे मिळवले, हा प्रश्न दानाने पुसला जात नाही. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेपासून सावध केले होते.

ग्रंथालयाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. मुलांना मात्र दारावरच्या नावाबरोबर होमस्टेडच्या कामगारांचीही हकीकत आम्ही सांगतो.