घर पाहावं बुडापासून

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. बांधून पाहणं सगळ्यांनाच जमतं असं नाही; मग आपण तयार घर बघायला जातो. आधी दार कुठल्या दिशेला आहे ते बघायचं, मग स्वयंपाकघरात ओटा कुठे, मोरी कुठे, पाणी किती वाजता येतं, शेजार कसा आहे. पण मैत्रिणींनो, ज्या घराला पायाच नाही, जोतं नाही, अंगण नाही, जे चक्क पाण्यावर तरंगतं, ते घर विकत घ्यायचं तर काय बघाल? मी सांगते. ते घर बघायचं बुडाकडून!

तरंगतं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो श्रीनगरचा दाल सरोवर, नाही तर केरळातल्या आलप्पुळाच्या भातनौका. पण तिथे आपण चार दिवसांचे पाहुणे. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात मात्र लोक बारा महिने तेरा काळ पाण्यावर संसार करतात. शहरात अशी घरं थोडीथोडकी नाहीत, सुमारे अडीच हजार आहेत. भाचीकडे दोन महिने राहून आले, तेव्हा ही दुनिया मला अगदी जवळून बघायला मिळाली.

सतराव्या शतकात खणलेले हेरेनग्राख्त, कायझरग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त असे एकाभोवती एक कालवे म्हणजे या शहराचं वैभव. 2010 साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. दोन्ही काठांना उंच, चिंचोळी, विटांची जुनी घरं आणि खाली पाण्यात ओळीनं बांधलेल्या बोटी. कुणाच्या छपरावर जिरेनियमच्या कुंड्या, कुणाच्या फळीवर सायकल, कुणाच्या खिडकीत झोपलेलं मांजर.

हे लोक पाण्यावर गेले ते हौसेनं नव्हे, बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरांची फार टंचाई झाली. त्याच सुमारास वाळू, कोळसा वाहणाऱ्या जुन्या लहान बोटींना काम उरेना. रिकाम्या बोटी आणि बेघर माणसं यांची गाठ पडली. प्रिन्सेनग्राख्तवर ‘हेन्द्रिका मारिया’ नावाची 1914 सालची मालवाहू बोट आहे. आता तिचं संग्रहालय केलं आहे. आत उतरलात तर जिथे पूर्वी वाळू भरत, तिथे बैठकीची खोली दिसते. परदेशी गेलात तर अवश्य बघा. आपल्या चाळीतल्या बिऱ्हाडासारखीच तिथेही प्रत्येक वस्तूला नेमून दिलेली जागा आहे.

या घरांच्या ढोबळमानानं दोन जाती. एक खरीखुरी जुनी बोट, लोखंडी किंवा पोलादी तळाची. दुसरी ‘आर्क’, म्हणजे काँक्रीटच्या मोठ्या टाकीवर बसवलेलं चौकोनी घर. आर्क दिसायला साधी, पण तळाच्या देखभालीला सोपी. काँक्रीट गंजत बसत नाही. बोट दिसायला देखणी, पण तिचे लाड पुरवावे लागतात. आणि नेमकी माझी भाची बोटीच्या प्रेमात पडली!

भाची आणि जावई शहराला लागून असलेल्या आमस्टेलवेनमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. या गावात भारतीय कुटुंबं पुष्कळ. गणपतीत मोदकाच्या पिठीचीही अडचण पडत नाही. नोकरीत दहा वर्षं पै पै करून साठवलेली पुंजी, पाच वर्षांची मुलगी, आणि मनात भरलेली एक जुनी मालवाहू बोट. आत पितळी काठाच्या गोल खिडक्या, लाकडी जमीन, स्वयंपाकघरातून दिसणारी बदकं. मलासुद्धा मोह पडला. पण तिथे शहाणी माणसं कागदावर एक अट घालूनच सौदा करतात: तपासणीत दोष निघाला तर व्यवहार मोडायची मोकळीक राहील. आणि मग बोलावतात तपासनिसाला.

आमची तपासनीस होती पन्नाशीची एक बाई. अंगात निळा डगला, हातात छोटी हातोडी, विजेरी, आणि लांब दांड्याला लावलेला आरसा. आल्या आल्या तिनं सुंदर खिडक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी मागितले कागद.

कारण या घरात बोटीइतकीच मोलाची असते ती बोट बांधायची जागा. पालिकेचा जागेचा परवाना नसेल तर सुंदर बोट घेऊन जायचं कुठे? परवान्यात लांबी, रुंदी, उंची किती चालेल हेही ठरलेलं असतं. मग नोंदणी. आपल्याकडे जमिनीचा सात-बारा, तसा तिथे ‘काडास्टर’ नावाच्या खात्याचा दप्तरी उतारा. नोंदलेल्या बोटीच्या अंगावर खात्याचा क्रमांक कोरलेला असतो; तो कागदाशी जुळतो का हे तिनं विजेरी लावून पाहिलं. गंमत म्हणजे 2010 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तरंगतं घर ही जंगम मालमत्ता ठरवली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ते घर नव्हे, मोटारीसारखी वस्तू! त्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकाही मोजक्याच.

मग तिनं काठाच्या भिंतीविषयी विचारलं. या शहरातल्या कितीतरी भिंती शंभर वर्षांहून जुन्या, लाकडी खांबांवर उभ्या आहेत. 2020 साली ग्रिम्बुर्गवाल इथली भिंत कालव्यात कोसळली. तेव्हापासून मैलोगणती भिंतींची तपासणी आणि दुरुस्ती चालू आहे, आणि काम निघालं की समोरच्या बोटींना काही काळ दुसरीकडे हलावं लागतं. घर आपलं, पण बांधलंय दुसऱ्याच्या भिंतीला, हे लक्षात ठेवायला हवं.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. छोट्या नावेनं ओढत बोट गोदीत नेली. ओढून नेणं आणि वर काढणं याचा खर्च घेणाऱ्याचा. रुळांवरून ती आडवीच्या आडवी पाण्याबाहेर आली तेव्हा माझ्या तोंडून ‘अगं बाई!’ निघालं. तळाला शेवाळ, शिंपल्यांचे थर. वरची राजकन्या आणि खाली हे ध्यान! पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं तळ धुतला. मग तपासनीसबाईनं खडू काढला, यंत्राच्या टोकाला चिकट द्रव लावला आणि ते पत्र्यावर टेकवलं. गर्भारणीची सोनोग्राफी करतात ना, अगदी तसंच. आवाजाच्या लहरी पत्र्यातून जाऊन परत येतात आणि जाडी सांगतात. वीतभर अंतरावर एकेक आकडा ती खडूनं लिहीत गेली.

हे आकडे का महत्त्वाचे? तळाचा पत्रा साधारण चार मिलिमीटरच्या खाली गेला की तिथल्या विमा कंपन्या नाकं मुरडतात. म्हणून दर पाच-सहा वर्षांनी बोट अशी वर काढून तपासावी लागते. पत्रा पातळ झाला तर वरून दुसरा जोडतात. ठिगळ चालतं, ठिगळावर ठिगळ नको. तळाला धातूचे ठोकळेही लावलेले असतात, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. तळाऐवजी ते झिजतात. आपल्या गीझरच्या टाकीतसुद्धा असाच दांडा असतो आणि तोही वेळच्या वेळी बदलायचा असतो, हे किती जणींना ठाऊक आहे? काठावरून येणाऱ्या विजेच्या जोडणीत खोट असली तरी पाण्यातून प्रवाह भटकतो आणि तळ झपाट्यानं खातो. म्हणून वायरिंगही बुडाच्याच खात्यात.

आकडे येत होते: पाच, पाच, चार पूर्णांक आठ. भाचीचा चेहरा खुलत चालला होता. आणि मग एका ठिकाणी तीन पूर्णांक दोन. शेजारी तीन. बाई थांबली. बाहेरून तिथे गंजाचा डागही नव्हता. ती आत गेली आणि न्हाणीघराबाहेरच्या दोन फळ्या उचकटल्या. खाली काळं, साचलेलं पाणी. नळाच्या एका सांध्यातून वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी झिरपत होतं आणि पत्रा आतून खाल्ला जात होता. कालव्यानं त्या बोटीचं काही बिघडवलं नव्हतं, बिघडवलं होतं घरातल्याच नळानं!

विकणाऱ्या आजी तिथेच उभ्या होत्या. यजमान गेलेले, गुडघे दुखतात, फळीवरून चढ-उतर होत नाही म्हणून त्या बोट विकत होत्या. तीस वर्षांचा संसार त्यात केलेला. खडूचे आकडे त्या नुसत्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ते पाणी बघणं त्यांचं काम होतं.” काय बोलावं कुणाला सुचेना. भाचीनं त्यांना खुर्ची दिली, मी थर्मासमधला चहा.

तपासनीसबाईनं ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं काहीच म्हटलं नाही. तिनं जागा, जाडी, दुरुस्ती आणि अंदाजे खर्च लिहून दिला. त्या रात्री भाची झोपली नाही. “मावशी, सोडून देऊ का गं?” म्हणाली. मी म्हटलं, “दोष दिसला तो आज दिसला, सही करायच्या आधी. न दिसलेल्या दोषाला भ्यावं. दिसलेल्याची किंमत करता येते.” जावयांनी हिशेब मांडला. शेवटी आजींनी पत्र्याच्या कामाएवढी किंमत उतरवली, आणि बोट गोदीत असतानाच ते काम करून घेतलं. दोन्ही घरांना पटेल असा सौदा झाला.

पण माझी एक अट होती, आणि ती भाचीनं मानली. मुलीला पोहायला शिकवल्याशिवाय तिथे राहायला जायचं नाही. डच मुलं लहानपणीच पोहण्याची परीक्षा देतात, आणि पहिल्या ‘अ’ पदविकेलासुद्धा अंगावर कपडे आणि पायात बूट घालून पोहून दाखवावं लागतं. कारण पाण्यात पडणारं मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही! मला हा नियम फारच आवडला.

संसार मांडतानाही तिथे तोल सांभाळावा लागतो, आणि हे मी अलंकारानं बोलत नाही. पुस्तकांची कपाटं, पियानो, धान्याचे डबे सगळे एका बाजूला ठेवले तर घर कलतं. आयबुर्ग भागात नवी तरंगती वस्ती आहे. काँक्रीटच्या टाकीवर उभी तीन मजली घरं, झोपायच्या खोल्या अर्ध्या पाण्याखाली आणि घर वाहून जाऊ नये म्हणून पोलादी खांबांना अडकवलेलं. तिथेही जड सामान कुठे ठेवायचं हे आधी ठरवतात. उत्तर भागातल्या ‘स्खोनस्खिप’ वस्तीत 46 कुटुंबं पाण्यावर राहतात आणि कालव्याच्या पाण्यातूनच पंपानं ऊब घेऊन घरं गरम ठेवतात. पूर्वी बोटींचं सांडपाणी सरळ कालव्यात जाई. आता शहराच्या गटाराला जोडणी असते. म्हणून तपासणीत सांडपाण्याचा पंपही चालवून बघतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्हांला कुठे बोट घ्यायचीय? खरंय. पण आपलीही आयुष्याची पुंजी घरातच जाते, आणि आपणही नव्या रंगाला, चकचकीत फरशीला भुलतो. म्हणून या बाईकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. आधी कागद बघा, मग खिडक्या. फ्लॅट जुना असेल तर खालच्या मजल्यावरच्या बाईंना गोड बोलून त्यांच्या न्हाणीघराचं छत बघून या. तुमच्या घराची खरी हकीकत तिथे लिहिलेली असते. नुकताच रंग दिलेल्या एकाच कोपऱ्यावर हात फिरवा, ओल हाताला कळते. आणि तपासणीचे पैसे वाचवू नका. एक पातळी सोडायला आपण मागेपुढे पाहतो, पण घराच्या बाबतीत ‘सगळं ठीकच असेल’ म्हणून सही करतो!

आणि हो, पुढच्या रविवारी तुमच्याच मोरीखालचा सांधा एकदा विजेरीनं बघा. थेंब पडत असेल तर आजच्या वायसरवर भागेल. पाच वर्षांनी भिंत फोडावी लागेल.