उंबरठ्यावरची आजी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर (आज ते लोहारा तालुक्यात आहे) उद्ध्वस्त झाले. तेथील पुनर्वसित वस्तीत टिपलेली छायाचित्रे उमरग्याच्या एका हौशी तरुणाने आम्हांस दाखविली. नुसते ‘छान’ म्हटल्याने नवख्याच्या हाती काहीच लागत नाही, असे आमचे मत. एका चित्रात उंबरठ्यावर आजी, मागे लख्ख ऊन, चेहरा काळवंडलेला.

“बाळा, बाहेरून टिप. उजेड चेहऱ्यावर येईल,” आम्ही म्हणालो.

तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, “फादर, भूकंपापासून आजी छपराखाली निजत नाही. उंबरठ्यावरच बसते. ते दाखवायचं होतं.”

“मग चेहरा राहू दे तसाच. दोन पावले मागे सर. आतले रिकामे अंथरूण येऊ दे.”