तीन नळ्यांची बंदूक

जर्मनीच्या थुरिंगियातलं झूल हे बंदुका घडवणाऱ्यांचं गाव. तिथल्या कारागिरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडवलेल्या ‘ड्रिलिंग’ मला फार देखण्या वाटतात. वर शेजारी शेजारी छर्ऱ्यांच्या दोन नळ्या, खाली गोळीची एक. रानात पुढ्यात ससा उठेल की डुक्कर, हे शिकाऱ्याला कुठे ठाऊक असायचं! म्हणून दोन्हींची तयारी एकाच खांद्यावर.

बंदूक टिकली, तिचं काडतूस मात्र दुकानातून जवळजवळ नाहीसं झालं. आता ते बहुधा घरीच भरावं लागतं, आणि भरण्याआधी बंदुकीला तिचं माप विचारावं लागतं. नळ्या उघडल्या की खालच्या सपाट पोलादावर तपासणीचे शिक्के दिसतात. ही तपासणी जर्मनीत 1891च्या कायद्याने आली. मुकुटाखाली ‘जी’ अक्षर असेल तर नळी आतून पीळदार. पण शिक्क्यांवर भागत नाही. काडतूस बसतं त्या पोकळीत एक मिश्रधातू ओततात. पाण्याला उकळी फुटण्याआधीच ती वितळते, थंड होताना जराशी आकसते आणि अलगद बाहेर येते. मग ती हळूहळू पुन्हा फुगते. साधारण तासाभराने मोजली की पोकळीचं खरं माप हाती येतं. ज्याने ही धातू शोधली त्याच्याबद्दल मला अपार कृतज्ञता आहे.

हे सगळं का, तर फसगत सोपी असते. ‘8 बाय 57’ या काडतुसाच्या एकाच नावाखाली दोन जाडीच्या गोळ्या आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळी मिलिमीटरच्या दशांशाहून थोडी अधिक जाड झाली. ती जुन्या नळीत घातली तर दाब धोक्याचा होतो. छर्ऱ्यांचंही तेच. जुन्या 16 बोअरची पोकळी बहुधा 65 मिलिमीटरची, आजचं काडतूस 70चं. ते आत सहज बसतं, आणि घात तिथेच आहे: उडताना त्याचं तोंड उलगडायला पुढे जागा उरत नाही.

‘9.3 बाय 72 आर’ या काडतुसाची लांबट पुंगळी काळ्या दारूच्या दिवसांतली आहे. तिच्यात दारू बेताचीच हवी. ज्याला वेग हवा त्याने आजची रायफल घ्यावी. या पोलादावर जोर करू नये. भरलेल्या काडतुसांच्या डबीवर त्या बंदुकीचा क्रमांक लिहावा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बंदुकीत ती चालतीलच असं नाही.