खरेदीखतात न लिहिलेले

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या वायव्येस सुमारे तीनशे किलोमीटर अंतरावर, रुपन्यप नावाचे एक गाव आहे. लोकवस्ती पाचशेच्या आसपास. एक रुंद मुख्य रस्ता, त्यावर पुढे पडवी काढलेली जुनी दुकाने, धान्याची उंच कोठारे आणि चहूकडे क्षितिजापर्यंत पसरलेली गहू, हरभरा व मसुराची शेते. वसईत एका आषाढात जेवढा पाऊस पडतो तेवढा तेथे अख्ख्या वर्षातही पडत नाही. या गावात आम्हा उभयतांनी २०१६ साली एक जुने घर विकत घेतले आणि मेलबर्नची नोकरी संपल्यावर तेथे राहावयास गेलो.

"इतक्या आडगावात काय म्हणून?" असे वसईच्या आप्तांनी विचारले आणि मेलबर्नमधील आमच्या मुलांनीही विचारले. उत्तर सोपे होते. मेलबर्नच्या उपनगरात घरासाठी जी रक्कम मोजावी लागते, तिच्या चौथ्या हिश्शात येथे चार खोल्या, मागे मोठे अंगण, दोन लिंबाची झाडे आणि पावसाचे पाणी साठविण्याची टाकी मिळत होती. आम्ही हिशेब केला तो एवढाच.

खरेदीचा व्यवहार आम्हाला आश्चर्यकारक वाटला तो त्याच्या सरळपणामुळे. व्हिक्टोरियात विक्रेत्याने करारावर सह्या होण्यापूर्वी खरेदीदारास एक लेखी निवेदन द्यावे लागते. कायद्याच्या कलमावरून लोक त्याला 'सेक्शन थर्टी-टू' म्हणतात. मालकी, गहाण, दुसऱ्याचे वहिवाटीचे हक्क, नगरपालिकेचे कर, सारे त्यात मांडलेले असते. लिलावात घेतलेले घर परत करता येत नाही. परंतु खाजगी व्यवहारात सही केल्यानंतरही कामकाजाचे तीन दिवस खरेदीदारास माघार घेता येते. सातबारा, फेरफार आणि वारसांच्या संमती यांत ज्यांची हयात गेली, अशा घराण्यातले आम्ही. तेथे सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक, ही पद्धत रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू केली आणि पुढे ती जगभर गेली.

अडचणी होत्या त्या वेगळ्याच. घर लाकडी फळ्यांचे आणि लाकडी खुंटांवर उभे. तपासनीस पोटावर सरपटत त्याच्या खाली शिरला आणि धुळीने माखून बाहेर आला. वाळवी नाही, पण मागच्या बाजूचे खुंट कुजले आहेत, असा त्याचा निष्कर्ष. ते बदलावयाचा खर्च आम्ही किमतीतून वळता करून घेतला. कर्ज मागावयास गेलो, तर एका बँकेने गावाचा पिनकोड पाहूनच हात आखडता घेतला. अशा गावात घर विकावयास काढल्यास गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, म्हणून बँका पदरची रक्कम अधिक घालावयास सांगतात. स्वस्ताईचे कारण तेव्हा आमच्या ध्यानी आले.

राहावयास गेलो त्या दिवशी शेजारचे वृद्ध शेतकरी टोमॅटोची टोपली घेऊन आले. घर केवढ्याला पडले, हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले, "तुम्ही येथे राहणार, की घर नुसते ठेवणार?" आम्ही हसून "राहणार" म्हणालो. त्या प्रश्नाचे वजन कळावयास आम्हाला दोन वर्षे लागली.

पाचशे माणसांच्या गावात एक कुलूपबंद घर म्हणजे शाळेच्या पटावरची दोन मुले कमी, दुकानातले एक गिऱ्हाईक कमी, फुटबॉलच्या संघातला एक गडी कमी. तेथील ग्रामीण अग्निशमन दल मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅम्पियन्स डोंगराच्या पायथ्याशी पोमोनल या गावात चाळीसहून अधिक घरे वणव्यात भस्मसात झाली. त्या दिवशी आमच्या दक्षिणेचे आकाश तांबूस झाले होते. शेजारच्यांचा मुलगा जेवणाच्या ताटावरून उठून पिवळा अंगरखा चढवून गेला तो दुसऱ्या दिवशी परतला. वय झाल्याने आम्ही आगीशी लढू शकत नव्हतो. आम्ही सभागृहात पाव कापले, चहा केला. तेवढ्यानेही त्या गावात आमची गणना झाली.

या गावाची एक गोष्ट आमच्या वसईकरांना विशेष भावेल. गेल्या शतकाच्या अखेरीस मोठ्या बँकांनी खेड्यांतील शाखा बंद करण्याचा सपाटा लावला. बँक गेली की लोक पैसे काढावयास मोठ्या गावी जातात आणि तेथेच बाजारहाट करून परततात. गावचे दुकान आपोआप बसते. रुपन्यप आणि शेजारचे मिनयिप या दोन गावांनी हात बांधून बसण्याचे नाकारले. लोकांनी आपापसांत भांडवल उभे केले, बेंडिगो बँकेशी करार केला आणि जून १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पहिली 'कम्युनिटी बँक' उघडली. नफ्याचा वाटा गावाच्या कामांसाठी ठेवण्याचे ठरले. हे ऐकले तेव्हा आम्हाला १९१८ साली स्थापन झालेल्या आपल्या बेसिन कॅथोलिक बँकेची आठवण झाली. दोन खंडांत, ऐंशी वर्षांच्या अंतराने, माणसांना एकच शहाणपण सुचले होते.

येथे आम्हाला एक कबुली द्यावयाची आहे. नव्वदच्या सुमारास हरित वसईसाठी निघालेल्या मोर्च्यांत आम्हीही चाललो होतो. पुढे ऑस्ट्रेलियात आल्यावर भावांचे पत्र आले. वाडी विकावयाची होती, आमच्या सह्या हव्या होत्या. दर चांगला होता. आम्ही सही केली. आज तेथे बावखल नाही, केळी नाहीत, रहाट नाही. चार मजली इमारती आहेत आणि शेजारच्या घरात विहिरीला पाणी नाही. त्या खरेदीखतात जमिनीचे क्षेत्र होते, चतुःसीमा होत्या, रक्कम होती. शेजाऱ्याचे पाणी त्यात कोठेच लिहिलेले नव्हते.

आणि ही नोंदवही तरी सारे सांगते, असे कोठे आहे? टॉरेन्सच्या वहीत पहिल्या मालकाच्या आधी कोरे पान आहे. त्या भूमीत हजारो वर्षे राहिलेल्या आदिवासींचे नाव त्यात नाही. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने विमेरा नदीकाठच्या जमिनींवर वोत्जोबालुक आदी समूहांचा पारंपरिक हक्क मान्य केला. व्हिक्टोरिया राज्यातील तो पहिलाच निर्णय होता.

गेल्या वर्षी आमच्यावरच निर्णयाची वेळ आली. हृदयाचा आजार बळावला. जवळचे मोठे रुग्णालय पंचेचाळीस किलोमीटरवर हॉर्शममध्ये, आणि तज्ज्ञांकडे जावयाचे तर थेट मेलबर्न. घर विकणे भाग होते. दोन गिऱ्हाइके आली. एकास घर केवळ गुंतवणूक म्हणून हवे होते. तो न पाहताच पूर्ण रक्कम द्यावयास तयार होता. दुसरे एक तरुण जोडपे. पत्नी वृद्धांच्या शुश्रूषागृहात परिचारिका, दोन लहान मुले, आणि भाड्याने घर मिळत नाही म्हणून ती रोज पाऊण तास मोटार हाकून कामावर येत होती. त्यांची रक्कम बरीच कमी होती.

मुलांनी व्यवहार पाहण्याचा सल्ला दिला. मुले चुकीचे बोलत नव्हती. आजारपणाला पैसा लागतोच. आम्ही तीन रात्री झोपलो नाही. शेवटी आम्ही त्या तरुण मातेला तोच प्रश्न विचारला, जो आम्हाला विचारला गेला होता. ती म्हणाली, "राहणार. आम्हाला जायला दुसरी जागाच नाही."

आम्ही घर त्यांना दिले. कमी मिळालेल्या पैशांची जाणीव आम्हाला औषधांच्या दुकानात दर महिन्याला होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यामुळे वसईचे बावखल पुन्हा भरले, असेही नव्हे. परंतु निघण्याच्या सकाळी शेजारचे वृद्ध गृहस्थ कुंपणापाशी आले, तेव्हा त्यांच्या हातात पुन्हा टोमॅटोची टोपली होती. आम्ही हात पुढे केला, तर ते म्हणाले, "ही तुमच्यासाठी नाही, नव्यांसाठी आहे." मग हसून त्यांनी त्यातले चार टोमॅटो आमच्या ओंजळीत ठेवले.