काजूच्या मुलखात क्रॅनबेरी

गोव्यात जन्म घेऊन काजू वर्ज्य असणं म्हणजे काय, ते आमच्या घरी दोन दिवस राहिलं की कळतं. घर पेडणे तालुक्यात, आजोळ डिचोलीत. मार्च लागला की दोन्हीकडे डोंगरावरून पिकल्या बोंडूंचा वास येतो. ओल्या काजूगरांची भाजी, चतुर्थीच्या नेवऱ्यांचं सारण, जत्रेत खाज्याच्या शेजारी मांडलेले खारे काजू, नाताळात शेजारच्या घरून येणारं गोडाचं ताट, सगळीकडे काजू. आणि माझ्या धाकट्या बहिणीला त्याच काजूची अ‍ॅलर्जी!

ती चार वर्षांची असताना एका बारशाला तिने अर्धी काजू कतली खाल्ली. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी लगेच मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं म्हणून ती आज आमच्यात आहे. त्यांनी समजावलं ते असं : काजूतल्या प्रथिनांना तिचं शरीर शत्रू समजतं. पिस्ता हा काजूच्याच कुळातला, म्हणून तोही बंद. 'थोडं थोडं देत जा, सवय होईल' असं सांगणारे नातेवाईक पुष्कळ भेटले. पण तसे प्रयोग घरी करायचे नसतात, ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम.

एकदा आत्या कतारहून वाळवलेल्या क्रॅनबेरीचं पाकीट घेऊन आली. लालभडक, आंबटगोड, करवंद आणि मनुका यांच्या मधली चव. आईने पाकीट उलटसुलट करून बारीक अक्षरं दोनदा वाचली. क्रॅनबेरी, साखर, सूर्यफुलाचं तेल, बस्स! काजू-बदाम असू शकतात, अशी सूचना कुठेच नव्हती. बहिणीने पहिला दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आता माझापण ड्रायफ्रूट आहे." डब्यात दुसऱ्यांसारखी सुक्या मेव्याची डबी असणं ही आपल्याला क्षुल्लक वाटणारी गोष्ट. तिला ती सातवीत गेल्यावर मिळाली.

पाकीट संपलं. पुढच्या शुक्रवारी आई म्हापशाच्या बाजारात गेली. तिथे क्रॅनबेरी सुटी मिळत होती, पण शेजारच्याच खणात काजूचे तुकडे आणि दोन्हींत फिरणारा डाव एकच. दुकानदार अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "बाय, हातूंत काजू ना!" त्याचं खरंच होतं, फळात काजू नव्हताच. पण डावाला लागलेला चुराही पुरतो. आई रिकाम्या हाताने परतली.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. 'अ‍ॅलर्जीवाल्यांना चालणारा पदार्थ' अशी जात नसते. तो कुठल्या हातांतून, कुठल्या डावातून, कुठल्या यंत्रातून आला यावर सगळं ठरतं. भारतात २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकीटबंद पदार्थात दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखे कवचाचे मेवे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्यं असतील तर तसं लिहावं लागतं. प्रतिकिलो दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर तेही. सुट्या मालाला मात्र लेबलच नसतं. तिथे विचारणं हेच लेबल.

आता पौष्टिकतेविषयी. क्रॅनबेरी मूळची उत्तर अमेरिकेतली. काढणीच्या वेळी शेतात पाणी भरतात, फळात हवेचे कप्पे असल्यामुळे ती वर तरंगतात. ताजं फळ इतकं आंबट की वाळवताना साखर घालावीच लागते. चाळीस ग्रॅम, म्हणजे मूठभर सुक्या क्रॅनबेरीत सुमारे २८ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ सात चमचे! तंतू दोनेक ग्रॅम, आणि क जीवनसत्त्व जवळजवळ उरतच नाही. लघवीच्या जंतुसंसर्गावर क्रॅनबेरी गुणकारी, असं सर्रास सांगतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये हा संसर्ग पुन्हा होण्याचा धोका कमी होतो एवढाच दावा करायला मुभा दिली, तीही पुरावा मर्यादित आहे असं नमूद करून, आणि फक्त रस व पूरक गोळ्यांपुरती. सुक्या क्रॅनबेरी त्यात नाहीत. तेव्हा खाव्यात, पण औषध म्हणून नव्हे, चिमूटभर खाऊ म्हणून.

आजीने क्रॅनबेरी चाखली आणि निकाल दिला, "ह्यापेक्षा माझी सोलां बरी." मे महिन्यात ती भिरंडं फोडते, साली मिठात आणि त्यांच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात वाळवते. साखर नाही, पण मीठ भरपूर, म्हणून तीही बेतानेच. त्याच अंगणात काजूच्या बियाही वाळतात. बारशाच्या त्या प्रसंगानंतर आजीने सोलांसाठी वेगळी चटई आणि वेगळं सूप काढलं. नातीला हात लावण्याआधी हात धुवायलाही ती विसरत नाही. शाळेत न गेलेल्या आजीला कुठलाही नियम वाचावा लागला नाही.

येत्या जूनमध्ये बहीण आपल्याच कॉलेजात येणार आहे. आपल्याकडे डबे एकत्र उघडतात, नाताळाला दोदोल येतो, चतुर्थीनंतर नेवऱ्या येतात आणि 'एक तरी घे गं' म्हणत आपण प्रेमाने ताटात वाढतो. ते प्रेम तसंच असू दे. फक्त वाढण्याआधी 'तुला काय चालत नाही?' एवढं विचारूया. डब्यावर 'यात काजू आहे' अशी चिठ्ठी लावायला काही खर्च येत नाही. कुणी नाही म्हटलं तर ती नखरे करते असं समजू नका. आणि खाल्ल्यावर कुणाचे ओठ सुजले, श्वास लागला, तर लिंबूपाणी देत बसू नका, सरळ १०८ लावा.

पाहुण्याला पोटभर जेवू घालणं ही आपली रीत. त्याला सुखरूप घरी पाठवणं हाही तिचाच भाग आहे.